शेराच्या कुंपणातलं घरटं

यंदा मे महिन्यात मी केनियाला जाऊन आले असं सांगितलं की मैत्रिणी पहिला प्रश्न विचारतात, "सिंह बघितलास का गं?" सिंह मी बघितला नाही. हत्ती, गेंडा, जिराफ यातलंही काही नाही. पाच आठवडे मी माझ्या दादाच्या परसदारी तांदळाच्या कण्या टिपणारी एक लाल चिमणी बघत होते. हसू नका. तिच्याविषयीच सांगायचं आहे.

माझा दादा साखर कारखान्यात केमिस्ट. आमच्या सांगली-कोल्हापूर भागातली कितीतरी माणसं उसाच्या मागोमाग आफ्रिकेत गेली आहेत, त्यातलाच तो एक. किसुमू शहराच्या पूर्वेला मैलोन् मैल ऊस आहे, तिथे तो चार वर्षांपूर्वी गेला. बरोबर वहिनी आणि सोनू. ही वहिनी दुसरी. आधीची वहिनी सोनू दोन वर्षांचा असताना गेली. ती माझी मैत्रीणच होती, नणंद-भावजय असं आमच्यात कधी नव्हतंच. दादाने वर्षभराने पुन्हा लग्न केलं, मग परदेशी गेला, तिकडे एक मुलगीही झाली. सोनू आता नऊ वर्षांचा. इकडे आई रोज देवासमोर बसताना त्याचं नाव घेणार आणि डोळ्याला पदर लावणार. सावत्रपणाच्या गोष्टी तिने जन्मभर ऐकल्या आहेत. माझं तिकीट आलं तेव्हा तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "नीट डोळे उघडे ठेवून बघून ये."

तेव्हा मी गेले ती थोडी तपासणीसासारखीच, हे आधी कबूल करते.

तयारीत एक गोष्ट विसरू नका बरं का. पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी लागते, आणि तिचं पिवळं कार्ड जपून ठेवावं लागतं. परतताना आपल्याच विमानतळावर ते मागतात. बाकी बॅगेत माझ्या मेतकूट, कुर्डया, चटणी आणि सोनूसाठी भडंग.

मुंबईहून नैरोबी सहा तास, तिथून लहान विमानाने किसुमू पाऊण-एक तास. स्वाहिली भाषेत पक्ष्यालाही 'न्डेगे' म्हणतात आणि विमानालाही 'न्डेगे'च, हे मला शेजारच्या सीटवरच्या बाईंनी सांगितलं. खाली व्हिक्टोरिया सरोवर दिसलं तेव्हा मला वाटलं समुद्रच आला. दुसरा काठ दिसतच नाही. किसुमू त्याच्या एका खाडीवर वसलेलं, समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटर उंचीवर, म्हणून विषुववृत्त थोडं उत्तरेला असूनही आपल्या मे महिन्यासारखी काहिली नाही. मोंबासापासूनची रेल्वे १९०१ साली इथपर्यंत पोचली. ती बांधायला हजारो हिंदी मजूर नेले होते. बाजारात 'चपाती', 'चाय', 'गारी' हे शब्द कानावर आले की परकं वाटत नाही. आपली ज्वारी मूळची आफ्रिकेची आणि नाचणीही पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, हे मी शाळेत मुलांना शिकवते. पण तिथल्या बाजारात नाचणीच्या राशी बघितल्या आणि तिची 'उजी' नावाची पेज प्यायले, तेव्हा खरं कळलं. आपली आंबीलच की!

दादाचं घर कारखान्याच्या वसाहतीत. पुढे दोन आंब्याची झाडं, मागे नळ, धुण्याचा दगड, आणि त्यापलीकडे शेराचं कुंपण. हो, आपल्याकडे शेताच्या बांधावर असतो तोच शेर. हिरव्या पेन्सिलींसारख्या फांद्या, मोडली की दुधासारखा चीक. (हा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, मुलांना जपा.) हे झाडही मूळचं आफ्रिकेचंच. आपल्याकडे ते इतकं रुळलंय की पाहुणं आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पहिल्याच सकाळी वहिनी मागच्या पायरीवर तांदूळ पाखडत बसली होती. सूप गावाकडून नेलेलं. फटफट आवाज झाला मात्र, कुंपणातून चार-पाच ठिपके जमिनीवर उतरले. मला आधी वाटलं जास्वंदीच्या पाकळ्याच वाऱ्याने आल्या. मग त्या पाकळ्या टुणटुण उड्या मारायला लागल्या.

"आत्या, हलू नकोस," सोनू कुजबुजला. "ही फायरफिंच आहे. लाल चोचीची."

पक्षी किती लहान म्हणून सांगू? चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर. वजन आठ-नऊ ग्रॅम, म्हणजे चहाला दोन चमचे साखर घालतो ना आपण, तेवढंच. नराचं डोकं, छाती, सगळं कुंकवासारखं लाल, पंख तेवढे मातकट. डोळ्याभोवती बारीक पिवळं कडं, नथीच्या तारेसारखं. छातीच्या कडेला पांढरे टिंब. मादी अंगाने साधी, मातीच्या रंगाची, पण चोच गुलाबी-लाल, डोळ्यापुढे लाल बोट टेकवल्यासारखी खूण आणि शेपटीच्या मुळाशीही लाल. नवराबायको कायम बरोबर. एक दाणा टिपणार, दुसरा मान वर करून बघणार. आवाज अगदी बारीक, सायकलच्या चाकाला तेल नसलं तर येतो तसा.

आपल्याकडची लाल मुनिया ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही ओळखीची वाटेल. दोघी एकाच कुळातल्या. लहानपणी आमच्या आठवडी बाजारात एक माणूस कापडाखाली झाकलेल्या पिंजऱ्यात लाल मुनिया आणायचा. १९७२ च्या कायद्यातल्या संरक्षणानंतर आणि पुढच्या व्यापारबंदीनंतरही हे चोरून चालायचंच. आधीच्या वहिनीने एकदा त्याच्याकडून सगळा पिंजरा विकत घेऊन घराच्या गच्चीवर मोकळा केला होता. महिन्याचे पैसे गेले म्हणून दादा दोन दिवस बोलला नव्हता. फायरफिंचच्या नशिबीही हेच होतं. सेनेगलसारख्या देशांतून पकडलेले असले पक्षी वर्षानुवर्षे युरोपात पिंजऱ्यासाठी जायचे. युरोपीय संघाने रानपक्ष्यांची आयात आधी २००५ मध्ये तात्पुरती आणि २००७ मध्ये कायमची बंद केली. पहिल्यांदा शास्त्रीय नाव मिळालं तेही सेनेगलच्याच पक्ष्यावरून, १७६६ साली, लिनियसकडून. पण ही चिमणी काही एकट्या सेनेगलची नाही. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, कांगोचं घनदाट जंगल वगळलं तर, जवळजवळ सगळीकडे ती आहे.

आणि कुठे राहते? इथेच मला तिचं खरं कौतुक वाटलं. तिचं मूळ घर म्हणजे काटेरी झुडपं, उंच गवत आणि जवळपास पाणी. गवताचं बी जमिनीवर सांडलेलं टिपायचं, रोज पाणी प्यायचं, आणि झुडपात लपायचं. माणसाने घर केलं की या तिन्ही गोष्टी अंगणात आपोआप येतात. धान्य सांडतं, नळ ठिबकतो, कुंपण वाढतं. तेव्हा ती माणसाच्या मागे गावात आली.

हे मी नीट बघितलं ते मामा आकोथच्या घरी. मामा आकोथ वहिनीच्या मदतीला यायची. तिकडे लुओ लोकांत जन्माच्या वेळेवरून नावं ठेवतात. आकोथ म्हणजे पावसात जन्मलेली, अचियेंग भर दुपारी, अतिएनो रात्री. आणि 'मामा' म्हणजे आई. बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारायची तिथे पद्धत आहे, म्हणजे ही आकोथची आई. एका रविवारी तिने आम्हाला गावी नेलं. शेराच्याच कुंपणाआड तीन-चार घरं, मातीच्या भिंती, काहींवर पत्रा, एका जुन्या घरावर गवती छप्पर. अशा वाडीला 'दाला' म्हणतात. थोरल्या बायकोचं घर फाटकासमोर, धाकट्यांची बाजूला. अंगणात ज्वारी वाळत घातलेली, आणि ज्वारीवर आमच्या लाल चिमण्या, कोंबड्यांच्या पायात पाय घालून. म्हातारी सासूबाई काठी घेऊन कोंबड्या हाकलत होत्या, चिमण्यांना काही म्हणत नव्हत्या. गवती छपराच्या वळचणीत एक घरटं होतं. गवताचा ओबडधोबड गोळा, बाजूला भोक, आत कोंबडीची पिसं. मला ते घरटं न वाटता झाडूवाल्याने कोंबलेला कचरा वाटला. त्यामुळेच ते टिकत असावं.

परत येताना गाडीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मामा आकोथ वहिनीला सबंध दिवस 'मामा सोनू' म्हणत होती. छकुली तिथेच जन्मली, मामा आकोथने तिला पहिल्या दिवसापासून मांडीवर घेतलंय. तरी मामा सोनू. मी काही बोलले नाही.

आमच्या कुंपणातलं घरटं मात्र आमच्या डोळ्यांदेखत झालं. मार्च ते मे तिकडचा मोठा पाऊस. तो ओसरायला लागला की गवत बियांनी वाकतं आणि या चिमण्यांचे संसार जोरात सुरू होतात. नर चोचीत एखादं पीस धरून मादीसमोर खालीवर नाचायचा आणि गायचा. पीस सोडायचं नाही आणि गाणंही म्हणायचं! सोनूने वहीत तारीख टाकून लिहिलं. मग दोघांनी गवत ओढून शेराच्या बेचक्यात, माझ्या कमरेइतक्या उंचीवर, गोळा बांधला. एका सकाळी वहिनीने उशीची शिवण उसवून चिमूटभर पिसं दगडावर ठेवली. दुपारपर्यंत सगळी आत.

याच सुमारास फाटकापाशी विजेच्या तारेवर एक काळा पक्षी येऊन बसायला लागला. उन्हात निळी झाक मारणारा काळा, पाय लालसर. सकाळी तीच तार, संध्याकाळी तीच तार, आणि सारखं गाणं. इंग्रजीत याला इंडिगोबर्ड म्हणतात. शास्त्रीय नाव 'विदुआ'. लॅटिनमध्ये विदुआ म्हणजे विधवा, आणि आपला 'विधवा' शब्द त्याचा सख्खा भाऊ. बी.ए.ला भाषाशास्त्राचा एक पेपर होता, त्याचा उपयोग इतक्या वर्षांनी झाला.

एका दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसले होते. सोनूने हात धरून ओढलं. "आत्या, ती बघ. पट्ट्यापट्ट्यांची. ती काळ्याची बायको आहे. ती घरटं बांधत नाही. फायरफिंचच्या घरट्यात अंडं घालते." खरंच, चिमणीसारखी एक तपकिरी पाखरी कुंपणात इकडून तिकडे डोकावत होती.

"अगं बाई, म्हणजे ही कोकिळेचीच बहीण!" मी म्हणाले. "आणि आपली लाल चिमणी बिचारी दुसऱ्याचं पोर पोसणार. तिला पत्ताही नसेल."

बोलले आणि जीभ चावली. वहिनी ओट्याशी चपात्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"पत्ता असता तरी पोसलं असतं तिनं, ताई," ती म्हणाली आणि चपाती तव्यावर टाकली.

सोनू कुंपणाकडेच बघत होता. त्याने काय ऐकलं आणि काय समजला, मला अजून माहीत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. मच्छरदाणीत पडून बेडकांचा आवाज ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी सोनूच्या पुस्तकांत डोकं घातलं, आणि परत आल्यावर इथल्या वाचनालयातूनही मिळेल ते वाचलं. कोकिळेशी मी तुलना केली ती चूकच होती. युरोपातल्या कोकिळेचं पिल्लू घरमालकिणीची अंडी बाहेर ढकलून देतं. आपल्या कोकिळेचं तसं सहसा करत नाही, पण कावळ्याच्या पिल्लांची उपासमार होतेच. इंडिगोबर्डचं पिल्लू कुणाला ढकलत नाही. ते लाल चिमणीच्या पिल्लांबरोबरच वाढतं. घास थोडा वाटून जातो, एवढंच. चोच उघडली की आत टाळूवर काळे ठिपके आणि कडेला चमकदार गाठी, त्याही अगदी त्या पिल्लांसारख्या. म्हणजे अंधाऱ्या घरट्यात आईला सगळी तोंडं सारखीच.

आणि खरी गंमत पुढे. युर्गेन निकोलाय या जर्मन शास्त्रज्ञाने १९६४ साली दाखवलं की इंडिगोबर्डचा नर ज्या घरात वाढला त्या घरचं गाणं गातो. तारेवरचा तो काळा पक्षी मध्येच जे बारीक सूर काढायचा, ते आपल्या लाल चिमणीचे होते! मिशिगन विद्यापीठाचे रॉबर्ट पेन झांबियात लोचिनवारला वर्षानुवर्षे हे पक्षी अभ्यासत होते. त्यांनी पुढे पिंजऱ्यातल्या इंडिगोबर्डची अंडी पाळीव बंगाली फिंचकडून उबवून घेतली. ही बंगाली फिंच म्हणजे आपल्याकडे कोकणातही दिसणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या मुनियाच्या जातीचीच पाळीव नात. मोठे झाल्यावर ते नर बंगाली फिंचचं गाणं गायला लागले. पेन यांनी हे १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं. मादीचंही तसंच. ती गात नाही, पण ज्या घरात वाढली तिथलं गाणं म्हणणारा नर निवडते आणि अंडं घालायला त्याच जातीचं घरटं शोधते.

घरट्याला आम्ही कुणी हात लावला नाही, त्यामुळे आत किती अंडी, कुणाची, काही कळत नव्हतं. नर-मादी पाळीपाळीने आत बसायची. अकरा-बारा दिवसांनी आतून खसखस ऐकू आली. मग दोघांची जी धावपळ सुरू झाली! गवताचं बी गळ्याजवळच्या पिशवीत भरून आणायचं आणि पिल्लांच्या तोंडात ओतायचं. पाऊस पडून गेला की वाळवीचे पंखवाले किडे उठतात, त्यातलेही बारीकसारीक टिपायचे.

मध्येच एक संकट आलं. वसाहतीतली सगळी कुंपणं छाटायचा हुकूम निघाला. माळी कोयता घेऊन दारात. मला वाटलं वहिनी गप्प बसेल, कारण दादाच्या साहेबाचाच हुकूम. ती बाहेर गेली, स्वाहिलीत काहीतरी बोलली, त्याला चहा दिला, बरोबर माझ्या कुर्डया तळून दिल्या. आमच्या मागचं कुंपण दोन आठवड्यांनी छाटायचं ठरलं. दादाने कपाळाला हात लावला, पण दोन दिवस अबोला मात्र धरला नाही.

त्याच संध्याकाळी, मुलं झोपल्यावर, वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ताई, एक विचारू? त्यांच्याबद्दल मला सांगाल का? सोनू विचारतो, माझी आई कशी हसायची, काय खायची. ह्यांना विचारलं तर हे उठून बाहेर जातात. माझ्याकडे सांगायला काहीच नाही. एक फोटो आहे तेवढाच."

मी काय सांगणार होते? तपासणीसाची सगळी कागदपत्रं वाहून गेली. रात्री एकपर्यंत आम्ही बोलत होतो. भडंगात ती शेवटी पिठीसाखर आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड टाकायची. रागावली की जोरजोरात भांडी घासायची. मुनियांचा पिंजरा गच्चीवर उघडला तेव्हा एक मुनिया बाहेर जायलाच तयार नव्हती, तिच्यापाशी ती तासभर बसून राहिली होती. वहिनी मध्येमध्ये वहीत लिहून घेत होती. सोनूचीच वही, मागच्या पानांवर.

सकाळी मुनियांची गोष्ट मीच सोनूला सांगितली. त्याने विचारलं, "मग ती गेली का शेवटी?" गेली, मी म्हणाले.

माझं विमान तीन दिवसांवर आलं तेव्हा पिल्लं बाहेर पडली. एकामागून एक चार. शेराच्या फांदीवर ओळीने बसली, सगळी तपकिरी, सगळी तोंडं उघडी. सोनूने दुर्बीण लावली. "आत्या, तिघांच्या शेपटीशी लाल आहे. एकाच्या नाही." म्हणजे तेच ते. लाल चिमणी चौघांना ओळीने भरवत होती. ज्याच्या शेपटीशी लाल नव्हतं ते जरा जास्तच ओरडत होतं, आणि त्याला जरा जास्तच मिळत होतं. छकुली म्हणाली, "ते हावरट आहे." सोनू म्हणाला, "लहान आहे ते."

घरी आल्यावर आईने बॅग उघडायच्या आधी विचारलं, "काय बघून आलीस?" मी प्रवासाचं सांगितलं, सरोवराचं सांगितलं, चिमणीचं सांगितलं. तिचं समाधान होईना. गेल्या आठवड्यात सोनूने फोनवर एक आवाज पाठवला. मागच्या दारी नळापाशी टेपून घेतलेला. आधी बारीक चिवचिव, मग भांड्याचा खणखणाट, आणि मागून वहिनीची हाक, "सोनू, ताट वाढलंय, वही ठेव ती आधी!" आणि सोनूचं, "आलो गं आई, एक मिनिट."

मी फोन आईच्या कानाशी धरला. ती म्हणाली, "चिमणीचा आवाज फारच बारीक आहे. पुन्हा लाव."